देवळाभोवती फिरणारं काळवीट

कोंडलेल्या जनावरांना काय खायला घालावं आणि ती दिवसभर काय करतात, हे बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसायचं. जनावर चाललं, बसलं, अंग चाटत राहिलं, नुसतंच भिंतीकडे बघत राहिलं, सगळं टिपून घ्यायचं. सकाळी त्याचं शेण चिवडायचं, टाकलेल्यापैकी काय उरलं ते तोलायचं. माझ्या आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे तू बी जनावरंच राखतीस. मंग शिकायला इतक्या लांब कावून गेलतीस?"

आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण राखणं वेगळं आणि कोंडणं वेगळं. माळावरचं मेंढरू दिवसभर हुंगत, निवडत, चार पावलं पुढे जात खातं. त्याचं पोटही त्यात भरतं आणि डोकंही. कोंडलेल्याला मात्र आपण एका घमेल्यात सगळं देतो. ते घटकाभरात खाऊन मोकळं होतं आणि मग उरलेल्या दिवसाचं काय करायचं ते त्याला कळत नाही. माझं शास्त्र या उरलेल्या दिवसाचं आहे.

शहरातल्या प्राणिसंग्रहालयात मी होते तेव्हा एक बिबट्या गजांच्या कडेने इकडून तिकडे येरझाऱ्या घालायचा. रविवारी लोक म्हणायचे, बघा कसा रुबाबात चालतोय. एक गृहस्थ तर रोज सकाळी फिरायला येत आणि त्याच्यासोबत गजांच्या बाहेरून चालत. म्हणत, "आमचा दोघांचा व्यायाम होतो." मी त्यांना कधी सांगितलं नाही की हा व्यायाम नाही. रिकाम्या, घाबरलेल्या जनावराला एकच हालचाल पुन्हा पुन्हा करायची सवय जडते, माणूस विचारात पडला की नखं कुरतडतो तशी. आम्ही बिबट्याची खाण्याची ठरलेली वेळ मोडली, मांस ओंडक्यांच्या खाचांत लपवून ठेवायला लागलो आणि त्याचं चालणं बरंच कमी झालं. तेव्हा त्या गृहस्थांनी माझी तक्रार केली होती, बिबट्याला सुस्त केलं म्हणून.

ही गोष्ट मी पुष्कळदा हसत सांगितली आहे. पुढची हसत सांगता येत नाही.

भानुदासमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तलवाड्याच्या पुढे माळावर एक लहान वस्ती आहे, तिथे त्याची शेरडं-मेंढरं असतात. मला मूलबाळ नाही आणि मामा-मामीलाही नाही, त्यामुळे आमचं जरा जास्त जमतं. मी शहरातली नोकरी सोडून जवळच्या एका वन्यप्राणी केंद्रात आले, त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला.

"बाई, तू एकदा येऊन बघच. आपलं हरण देवाला फेऱ्या घालाया लागलंय."

"कुठलं हरण?"

मग त्याने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ज्वारी काढताना त्याला काळविटाचं पिल्लू सापडलं होतं. आईला कुत्र्यांनी फाडलेलं. मामाने ते काखेत मारून आणलं, शेळीच्या दुधावर वाढवलं. ते त्याच्या अंथरुणात झोपायचं, त्याच्या हातातली भाकरी खायचं, त्याच्या मागे माळभर हिंडायचं. थोरलं झालं तशी वस्तीवरची कुत्री त्याच्यावर टपून राहायला लागली. तेव्हा तात्यांनी देवीच्या देवळाभोवती लोखंडी जाळी मारून दिली आणि हरण आत सोडलं. तात्या म्हणजे गावातले मोठे शेतकरी, पंचक्रोशीत शब्दाला वजन असलेले.

काळवीट पाळणं हा गुन्हा आहे हे मामाला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माळावर सगळ्यांना ते माहीत असतं. पण दुधासाठी बोट चोखणारं पिल्लू मांडीवर असलं की कायदा आठवत नाही.

आईला घेऊन मी गेले. देऊळ छोटं, चहूबाजूंनी मोकळं. त्याच्याभोवती जाळी अशी मारली होती की मध्ये देवीचा गाभारा आणि भोवती गाडीवाटेएवढी रुंद जागा. लोक जाळीबाहेर उभे होते आणि आत ते तरुण काळवीट चाललं होतं. देवळाला उजवी घालून, एकाच चालीने, मान किंचित खाली. देवळाच्या एका कोपऱ्यावर पोचलं की दर वेळी तसाच झटका देऊन मान वळवायचं. त्याच्या पायांखाली मातीत एक पट्टा पडला होता, पीठ झालेला. खुरं वाढून पुढे वाकली होती. पोट फुगलेलं, लेंड्यांच्या जागी चिकट गोळे. जाळीच्या कडेला लोकांनी टाकलेलं अन्न पडलं होतं. पेढे, खोबरं, पुरणपोळीचे तुकडे, गुळाचे खडे, गव्हाची रास.

बायका हात जोडून उभ्या होत्या. कुणीतरी घंटा वाजवली आणि हरणाची चाल वाढली. "बघा, घंटा कळती त्याला," एक जण म्हणाला.

आईचे डोळे भरून आले होते. तिने मला कोपराने ढोसलं. "हात जोड की."

मी जोडले. समोर जे चाललंय त्याचं नाव मला ठाऊक होतं, त्यावर मी वर्षानुवर्षं काम केलं होतं, आणि मी सगळ्यांसोबत हात जोडून उभी राहिले. आईच्या शेजारी उभं राहून दुसरं काय करता आलं असतं, हे मला अजून सुचलेलं नाही. पण तेव्हा कान गरम झाले ते अजून आठवतात.

दुपारी मामाच्या शेरडांच्या वाड्याजवळ बाभळीखाली आम्ही दोघंच बसलो होतो. मामा खुशीत होता.

"मामा," मी म्हटलं, "त्या फेऱ्या न्हाईत."

"मंग काय हाय?"

मी सांगितलं. जाळी गोल आहे, मध्ये देऊळ आहे, त्याला चालायला दुसरी वाटच नाही. लोक एका बाजूने आले की ते दुसरीकडे पळतं, तिकडेही लोक असतात. लपायला जागा नाही. खाणं एकदम पुढ्यात पडतं, तेही गोड आणि पिठूळ. गवत खाऊन रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात धान्य आणि गूळ गेला की सगळं आंबतं, पोट जळतं, त्याचा त्रास खुरांपर्यंत जातो. दुखत असताना ते चालतंय, कारण थांबलं तर जास्त भीती वाटते.

मामा बराच वेळ काडीने जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "मंग मी रोज सकाळी त्याला हात जोडीत होतो, ते?"



"मला दिसाया पायजे होतं," तो म्हणाला. "मेंढराचं पोट फुगलं तर मला दुरून कळतंय. ह्याचं कावून कळलं न्हाई?" त्याने तोंड फिरवलं. त्या दिवशी तो पुन्हा देवळाकडे आला नाही. लोक बोलवायला आले तर म्हणाला, अंग दुखतंय.

वनखात्याला कळवायचं असं आमचं दोघांचं ठरलं. माणसं आली. आमच्या केंद्रात मोठं गवताळ कुंपण होतं, हरण तिथे न्यावं असं सगळ्यांच्याच मनात होतं. पण त्या अवस्थेत नेणं धोक्याचं होतं. या जातीला भीतीच मारते. पकडताना धडपड झाली की स्नायू आतून बिघडतात आणि वरून धडधाकट दिसणारं जनावर नंतर कोसळतं. म्हणून ठरलं की आधी इथेच त्याची तब्येत सुधारायची, मग न्यायचं. ते काम माझ्याकडे आलं.

मी दर आठवड्याला एसटीने जायला लागले. आधी गूळ, पेढे बंद. धान्य हळूहळू कमी केलं, कारण एकदम तोडलं तरी पोट बिघडतं. मामा माळावरून मारवेल आणि पवन्या ही गवतं कापून आणायचा. तुरीचा पाला, थोड्या बाभळीच्या शेंगा, चाटायला मिठाचा खडा. गवत एका जागी न टाकता जागोजागी, दगडांच्या आड, थोडं थोडं ठेवायचं, म्हणजे शोधत खाण्यात दिवस जाईल. अर्ध्या जाळीला आम्ही आडोसा म्हणून तुराट्यांचे, तुरीच्या वाळक्या काड्यांचे, ताटवे बांधले. त्या बाजूने लोकांनी यायचं नाही. त्याला कुणी बघणार नाही अशी जागा त्याला मिळाली.

याला तात्यांनी परवानगी दिली हे मला सांगायला हवं. ते म्हणाले, "बाई, तुमचं शास्त्र खरं आसंल. मला येवढंच सांगा, हरणाला बरं वाटंल का?" मी हो म्हटलं. ताटव्यांसाठी तुराट्या त्यांच्याच शेतातून आल्या.

पावसाळा सरता सरता लेंड्या सुट्या पडायला लागल्या. अंगावर तकाकी आली. फेऱ्या आधी कमी झाल्या, मग तुटक झाल्या आणि एक दिवस मी पोचले तेव्हा ते ताटव्याच्या सावलीत पाय मुडपून रवंथ करत बसलं होतं. इतक्या वर्षांच्या कामात मला यापेक्षा जास्त आनंद क्वचित झाला असेल.

त्याच वेळी एक आजीबाई नेकनूरकडून नवस फेडायला आल्या होत्या. त्या जाळीशी थांबून थांबून थकल्या. मग मला विचारलं, "आज फिरत न्हाई का गं त्यो?"

"न्हाई आजी. बसलाय."

"कवा उठंल?"

"त्याला वाटंल तवा."

त्या नाराज होऊन गेल्या.

न्यायची वेळ आली तेव्हा वनखात्याचे साहेब पाहणीला आले. गाव जमलं होतं. लिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. तात्या उठून बोलले. आवाज चढवला नाही, अगदी सरळ बोलले. हरणाचे हाल होत होते हे आम्हाला कळत नव्हतं, बाईंनी डोळे उघडले, आम्ही सगळं त्या म्हणतील तसं केलं. आता ते चांगलं आहे. मग आता कावून न्यायचं? इथं जन्मलं, इथं वाढलं. माणसांत राहतंय, आनंदात आहे.

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तब्येत कशी आहे आता?"

"चांगली आहे," मी म्हटलं.

"फेऱ्या थांबल्या?"

"थांबल्या. पण हा नर आहे, आता वयात येईल..."

पुढचं ऐकू गेलं नाही, कारण टाळ्या वाजायला लागल्या होत्या. मी हात वर करून पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. साहेब म्हणाले, "ते पुढे बघू, मॅडम. सध्या हलवून ताण देण्यापेक्षा आहे ते बरं आहे." तात्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. नारळ हातात दिला. आई पहिल्या रांगेत बसली होती, शेजारच्या बाईला सांगत होती, ही माझी लेक.

मी त्या माणसांना खोटं बोलले नव्हते. माझं सगळं काम खरं होतं आणि नीट झालं होतं. आणि ते नीट झालं म्हणूनच हरण तिथे अडकलं. फेऱ्या थांबल्या नसत्या तर आज ना उद्या त्याला न्यावंच लागलं असतं. पिंजरा सोसण्याजोगा करून द्यायचा आणि मग तो सोसवतो म्हणून कुणी उघडायचा नाही, यासाठीच मी एवढं शिकले होते की काय, असं वाटलं. अंगावर शाल, उकाडा मरणाचा, आणि मान वर होईना. एसटीत बसल्यावर मी ती घडी करून पिशवीच्या तळाशी घातली.

जाताना मी मामाला बजावलं होतं. माणसाच्या हातावर वाढलेला नर वयात आला की माणसालाच आपल्या जातीतला दुसरा नर समजतो. कळपातला नर कळपातल्या नराशी भांडेल, हा तुमच्याशी भांडेल. जाळीच्या आत जायचं नाही. गवत बाहेरून टाकायचं.

"मला?" मामा हसला. "मला काय करंल त्यो? माज्या कुशीत झोपलाय."

थंडीत त्याचा रंग बदलला. तांबूस पाठ काळीभोर झाली, शिंगांना पीळ पडले. मामा फोनवर अभिमानाने सांगायचा. मी दर वेळी तेच बजावायची आणि तो दर वेळी बरं म्हणायचा.

मग मामीचा फोन आला. "तुज्या मामाला बीडला दवाखान्यात नेलंय. मांडीला बाभळीचा फाटा घुसला म्हणत्यात. मला काय खरं वाटंना."

मी गेले तेव्हा मामा खाटेवर उताणा पडला होता. मांडीला टाके होते. जखम पाहिल्यावर मला विचारायची गरज उरली नाही. मामी चहा आणायला गेली तेव्हा मी दाराकडे पाठ करून बसले.

"कुणाला सांगू नकोस," तो हळू आवाजात म्हणाला. "मारतील त्याला."

"मामा, आत कावून गेलतात?"

"ताटवा पडलाता. नीट करावा म्हटलं. त्यो लांब हुता. मी वाकलो आन् आलाच." मग म्हणाला, "मी त्याला हाक मारली गं. नावानं. हाक मारली तसा आनखी जोरात आला."

मी त्याला पुन्हा समजावलं. ते रागाने नाही आलं. त्याला वाटतं तुम्ही त्याच्यातलेच आहात. ज्याला सगळ्यात जवळचा समजतं त्याच्यावरच ते आधी येणार.

मामा छताकडे बघत राहिला. "म्हंजे मी त्याला पोर समजलो, आन् त्यानं मला हरीण," तो म्हणाला. थोडं हसला, मग चादर तोंडावर ओढून घेतली. डॉक्टर आले तेव्हाही त्याने ती काढली नाही. ज्याला वाढवून सगळ्या वस्तीला त्याचं वेड लावलं, त्यानेच आपल्याला पाडलं, ही लाज त्याला मांडीपेक्षा जास्त दुखत होती. आणि मी तर शाल घेतलेली बाई. त्याच्या खाटेशी बसून मला माझी लाज कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

फाट्याची गोष्ट टिकली नाही. जाळीत रक्त पडलं होतं, ते कुणीतरी पाहिलं. मग जे लोक खोबरं आणत होते त्यांच्यातलेच काही काठ्या घेऊन जाळीभोवती फिरायला लागले. देवीचा कोप म्हणणारेही निघाले. देवळात येणं बंद झालं. काही पोरांनी दगड मारले आणि काळवीट पुन्हा फिरायला लागलं. तोच पट्टा, तोच कोपऱ्यावरचा झटका.

तात्यांनी मला स्वतः फोन केला. "न्या बाई त्याला. मी त्या दिवशी तुमचं पुरतं ऐकाया पायजे होतं." मी म्हटलं, मीही पुरतं बोलायला पाहिजे होतं. ते म्हणाले, "गाव जमलं की कुणाला बोलता येतंय?" तात्यांबद्दल राग धरावा असं मला तेव्हापासून कधी वाटलं नाही.

उजाडताना आम्ही त्याला नेलं. डोळ्यांवर कापड, आतून गवत भरलेली अंधारी पेटी, कुणी एक शब्दही बोलायचा नाही. मामाला मी येऊ दिलं नाही. तो घराच्या ओट्यावर काठी धरून बसला होता. गाडी समोरून गेली तेव्हा त्याने नुसता हात वर केला, हाक मारली नाही.

काळवीट प्रवासात वाचलं. केंद्रात आम्ही त्याला आधी तिथल्या काळविटांच्या कळपाशेजारच्या कुंपणात ठेवलं, मग कळपात सोडून पाहिलं. पण त्याला हरणांशी कसं वागावं ते येत नव्हतं. माद्यांकडे ते लक्ष द्यायचं नाही, दुसऱ्या नराने मान ताठ करून इशारा दिला तर तो याला कळायचा नाही, मार खायचं. माणूस दिसला की मात्र तारेशी येऊन उभं राहायचं, नाहीतर तारेवर शिंगं आपटायचं. शेवटी त्याला वेगळं मोठं कुंपण दिलं. गवत भरपूर, आडोसा भरपूर. फेऱ्या नाहीत. आता तिथेच राहील. पाहुण्यांना मी ते दाखवते तेव्हा ते म्हणतात, किती छान वाचवलंत. मी मान हलवते.

मामा चालायला लागल्यावर एकदा आला. त्याला मी आधीच सांगितलं होतं, आडोशामागून बघायचं, बोलायचं नाही, तुमचा वास आणि आवाज लागला तर ते दिवसभर तारेशी धडपडत राहील. वारा त्याच्याकडून आमच्याकडे वाहत होता. मामाने आडोशाच्या फटीला डोळा लावला. काळवीट दूर होतं, मान खाली घालून चरत होतं. चार पावलं पुढे, पुन्हा मान खाली. मामाने हाताची मूठ तोंडावर दाबून धरली होती. थोड्या वेळाने त्याने माझा दंड धरला आणि मला मागे ओढलं. बऱ्याच लांब आल्यावर म्हणाला, "चरतंय."

"हं."

"लई शांत चरतंय."

स्टँडवर गाडीची वाट बघताना तो म्हणाला, "पोरी, मी परत मागं लागलो तर मला आणू नकोस. कितीबी म्हटलं तरी."

तेव्हापासून तो सणासुदीला फोन करतो, मामीचं सांगतो, शेरडांचं सांगतो, पावसाचं विचारतो. शेवटी जरा थांबून म्हणतो, "नेतीस का एकदा?"

परवाही म्हणाला. मी न्हाई म्हटलं.

"बरं केलंस," तो म्हणाला. आणि फोन तसाच कानाला धरून राहिला. मागे शेरडांचा आवाज येत होता. मीही ठेवला नाही.